मोठ्या माणसांचं ग्रोथ हॉर्मोन: पहिल्या सुईपासून अकराव्या वर्षापर्यंत

आमच्या घरी फ्रिजच्या मधल्या फळीवर स्टीलचा एक डबा असतो. आल्यागेल्याला वाटतं, श्रीखंडाचा चक्का ठेवलाय. त्यात माझं ग्रोथ हॉर्मोन असतं. "आता काय उंची वाढवायची आहे का?" हा विनोद अकरा वर्षांत इंदूरमधल्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी करून झालाय.

उंची थांबली तरी हे हॉर्मोन थांबत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी (डॉक्टर पिट्युटरी म्हणतात ती) ते आयुष्यभर, मुख्यतः गाढ झोपेत, सोडत असते. मोठ्या माणसात त्याचं काम म्हणजे चरबी जाळणं, स्नायू आणि हाडं राखणं. ते कमी पडलं की पोटाभोवती चरबी साठते, दंड-मांड्या बारीक होतात, कोलेस्टेरॉल वाढतं आणि सकाळी उठल्यापासूनच माणूस थकलेला असतो.

माझं निमित्त दुसरं बाळंतपण. रक्तस्राव खूप झाला, चार बाटल्या रक्त चढवलं. मग दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, वैशाखातही मला थंडी वाजायची. दहा वर्षं सगळ्यांनी "अशक्तपणा" म्हणून टॉनिकं दिली. याला शीहान सिंड्रोम म्हणतात; हॅरॉल्ड शीहान या ब्रिटिश पॅथॉलॉजिस्टने 1937 मध्ये त्याचं वर्णन केलं. गरोदरपणात ही ग्रंथी फुगते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. अशात मोठा रक्तस्राव झाला की ग्रंथीचा भाग मरतो. इतरांमध्ये कारणं वेगळी असतात: ग्रंथीवरची गाठ, तिचं ऑपरेशन, रेडिएशन, डोक्याला जबर मार, क्वचित घोणस चावल्यानंतरही.

मी डॉक्टर नाही. सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे वही ठेवायची खोड आहे. खालचं सगळं त्या वहीतून आणि माझ्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हॉर्मोनच्या डॉक्टरांना) विचारून विचारून जमवलेलं आहे. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आधी निदान पक्कं करा

माझी पहिली फसगत इथेच झाली. एका डॉक्टरांनी सकाळी साधं रक्त काढून ग्रोथ हॉर्मोन तपासलं आणि रिपोर्ट बघून "नॉर्मल" म्हणाले. हे हॉर्मोन झटक्याझटक्याने सुटतं; दोन झटक्यांच्या मधे निरोगी माणसाच्या रक्तातही ते जवळजवळ नसतं. त्यामुळे लॅबच्या रेंजची खालची मर्यादाच शून्याला टेकलेली असते. असा एकटा आकडा मोठ्या माणसात काहीच सांगत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

खरी तपासणी म्हणजे ग्रंथीला डिवचून बघणं. इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम 40 च्या खाली नेतात आणि हॉर्मोन किती उसळतं ते दर थोड्या वेळाने रक्त काढून पाहतात. ही तपासणी हॉस्पिटलात, डॉक्टर शेजारी असतानाच करायची. फिट येणाऱ्यांना किंवा हृदयविकार असलेल्यांना ती करत नाहीत. त्यांच्यासाठी ग्लुकागॉन नावाचं दुसरं हॉर्मोन टोचून करायची तपासणी आहे. तीन-चार तास लागतात, मळमळ होते, पण साखर मुद्दाम पाडावी लागत नाही. ग्लुकागॉन तपासणीत हॉर्मोन 3 नॅनोग्रॅमच्या वर चढलं नाही तर कमतरता धरतात. वजन जास्त असेल तर ही रेघ खाली, 1 पर्यंत आणतात, कारण लठ्ठपणातच हे हॉर्मोन दबलेलं असतं.

आता पैसे वाचवणारी गोष्ट. पीयूषिकेची बाकी तीन किंवा जास्त हॉर्मोनं आधीच बंद असतील आणि आयजीएफ-1 वयाच्या मानाने कमी असेल, तर डिवचण्याची तपासणी लागतच नाही. माझी थायरॉइड, कॉर्टिसोल आणि पाळी ही तिन्ही खाती बंद होती, म्हणून मी त्यातून सुटले. आयजीएफ-1 म्हणजे ग्रोथ हॉर्मोनच्या हुकमावरून यकृत बनवतं तो पदार्थ. तो दिवसभर जवळजवळ स्थिर असतो, म्हणून पुढे डोस त्याच्यावरच मोजतात. मात्र उपासमार, यकृताचा आजार किंवा हाताबाहेर गेलेली साखर यांतही तो घसरतो, तेव्हा एकट्या त्याच्या भरवशावर निदान करू नये.

लहानपणी उंचीसाठी ज्यांना हे इंजेक्शन होतं, त्यांनी वाढ पूर्ण झाल्यावर निदान एक महिना ते बंद ठेवून पुन्हा तपासावं. त्यातल्या बऱ्याच जणांना मोठेपणी त्याची गरज उरत नाही.

क्रम चुकवू नका

ग्रोथ हॉर्मोन नेहमी शेवटी. आधी कॉर्टिसोल (ताण झेलायला लागणारं हॉर्मोन; ते कमी पडलं की त्याच्या जागी स्टेरॉइडची गोळी घेतात), मग थायरॉइड, मग बाकीचं.

कारण समजून घ्या, कारण यात जिवाला धोका आहे. ग्रोथ हॉर्मोन सुरू झालं की शरीरात निष्क्रिय कॉर्टिसोनचं कॉर्टिसोल होणं कमी होतं. ज्याची स्टेरॉइडची गरज काठावर आहे आणि अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही, त्याचा काठ सुटतो: चक्कर, उलट्या, बीपी खाली. थायरॉइडच्या बाबतीतही टी-4 चा (थायरॉइड ग्रंथीच्या हॉर्मोनचा) आकडा उतरतो आणि लपलेली कमतरता उघडी पडते. म्हणून सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी फ्री टी-4 परत बघायचं. टीएसएच, म्हणजे पीयूषिकेचा थायरॉइडला जाणारा हुकूम, बघून चालत नाही. पीयूषिकाच आजारी असेल तर टीएसएच खोटं बोलतं. लॅबवाला "थायरॉइड प्रोफाइल नॉर्मल" म्हणून ठप्पा मारून देतो, तो डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मान्य करू नका.

स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तापात डोस दुप्पट करायचा आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन घ्यायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. ग्रोथ हॉर्मोन आठवडाभर चुकलं तर काही बिघडत नाही. स्टेरॉइड एक दिवसही चुकवायचं नाही.

पहिल्या सुईआधीची मापं

वहीचं पहिलं पान सुई टोचण्याआधी भरायचं. नंतर कितीही हळहळलात तरी "आधीचा" आकडा परत मिळत नाही.

आयजीएफ-1, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉलचा पूर्ण रिपोर्ट, फ्री टी-4. हाडांसाठी डेक्सा स्कॅन. गाठ होती किंवा आहे त्यांनी एमआरआय, म्हणजे पुढे तुलना करता येते. साखर असलेल्यांनी डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा; पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढत असतील तर हे औषध देत नाहीत.

घरी करायचं माप एकच: कंबर. शिंप्याची टेप, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, दर महिन्याच्या एक तारखेला. वजनकाटा फसवतो. पहिल्या वर्षात माझं वजन जेमतेम अर्धा किलो हललं आणि मी रडकुंडीला आले होते. पण चरबी दोन-तीन किलो उतरते आणि तेवढाच मांसल भाग चढतो, तेव्हा काटा जागचा हलणार कसा? परकराची नाडी मात्र चार बोटं जास्त उरायला लागली होती. ते आधी माझ्या जाऊबाईंनी पाहिलं.

शेवटी मनाचं माप. यासाठी 25 प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची एक प्रश्नावली असते. थकवा, विसराळूपणा, लोकांत मिसळावंसं न वाटणं असे प्रश्न. "हो" जितके जास्त, तितकी अवस्था वाईट. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने 2003 मध्ये सरकारी खर्चाने औषध देण्यासाठी नियम केला: सुरुवातीला किमान 11 गुण हवेत, आणि नऊ महिन्यांनी त्यात निदान 7 ची घट दिसली तरच औषध पुढे चालू. आपल्याकडे खर्च आपल्याच खिशातून, तोही दर महिन्याला हजारांत, आणि मेडिक्लेममध्ये घरी घ्यायची औषधं बहुधा बसत नाहीत. मग आपण हा नियम स्वतःला का लावू नये? मी लावला. सुरुवातीला 17, नऊ महिन्यांनी 8.

डोस, मिलिग्रॅम आणि युनिटचा घोळ

डोस वजनावर नाही, वयावर सुरू होतो. तिशीच्या आत रोज 0.4 ते 0.5 मिलिग्रॅम, तिशी ते साठीत 0.2 ते 0.3, साठीनंतर 0.1 ते 0.2. मग दर एक-दोन महिन्यांनी आयजीएफ-1 बघून 0.1 किंवा 0.2 ने वाढवत न्यायचा. आयजीएफ-1 आपल्या वयाच्या रेंजच्या वरच्या अर्ध्यात आणायचा, रेंजच्या बाहेर नाही. वयस्क माणसाला मधोमध असला तरी पुरे. दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

डॉक्टर मिलिग्रॅममध्ये लिहितात आणि दवा बाजारातल्या (इंदूरच्या औषधांच्या बाजारातल्या) काउंटरवर कुपी युनिटमध्ये मिळते. 1 मिलिग्रॅम म्हणजे 3 युनिट. 0.3 मिलिग्रॅम म्हणजे 0.9, साधारण 1 युनिट. हे वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा.

इंजेक्शनचं तयार पेन असेल तर आकडा फिरवला की झालं. पावडरची कुपी असेल तर जपून. समजा 4 युनिटची कुपी आहे आणि तुम्ही त्यात 1 मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घातलं. 1 युनिट म्हणजे पाव मिली. आता हातात इन्सुलिनची सिरिंज. तिच्यावरचे आकडे इन्सुलिनच्या युनिटचे असतात, ग्रोथ हॉर्मोनचे नाहीत. शंभरच्या सिरिंजवर (1 मिलीला 100 युनिट) पाव मिली 25 च्या रेघेवर येतं, चाळीसच्या सिरिंजवर (1 मिलीला 40) 10 च्या. आणि आपल्याकडे दोन्ही सिरिंजा मिळतात. मी पहिले तीन दिवस शंभरच्या सिरिंजवर "1" च्या रेघेपर्यंत औषध घेत होते, म्हणजे डोसाचा पंचविसावा भाग. उलट चूक झाली तर औषध कितीतरी पट जास्त जातं. सिरिंजचा एक ठरावीक प्रकार धरा आणि नर्सकडून एकदा समोर भरून दाखवून घ्या.

पाणी कुपीच्या काचेवरून हळू सोडायचं आणि कुपी तळहातात गोल फिरवायची. हलवायची नाही, फेस आला की प्रथिन बिघडतं. सुई रात्री झोपताना पोटाला किंवा मांडीला, रोज जागा बदलून.

पहिले सहा महिने

तिसऱ्या आठवड्यात माझ्या बांगड्या मनगटावर अडकल्या. मग सकाळी कणीक मळताना बोटांना मुंग्या. घोटे सुजलेले, गुडघे आखडलेले. हॉर्मोनमुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबते. औषध बाधलं म्हणून सोडून देऊ नका. डोस जरा जास्त झालाय, एवढाच त्याचा अर्थ असतो. डोस उतरवला की काही दिवसांत सूज ओसरते. सर्वांत साधी चाचणी हीच: अंगठी किंवा बांगडी सकाळी फिरते का.

तीव्र डोकेदुखी आणि त्यासोबत धूसर दिसणं असेल तर मात्र वाट बघत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे.

उपाशीपोटीची साखर या काळात थोडी चढते, कारण हे हॉर्मोन इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. माझी 92 वरून 108 झाली. पुढे चरबी उतरली तशी ती 98 वर आली, पण सगळ्यांचं असंच होतं असं नाही. ज्यांचं पोट सुटलेलं आहे किंवा घरात मधुमेह आहे, त्यांना धोका जास्त. इंदूरात राहून सकाळी पोहे-जिलबी सोडणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मी जिलबी सोडली. पोह्यांवरची शेव सुटली नाही.

वर्षांमागून वर्षं: काय टिकतं, काय नाही

अंगकाठीतला बदल पहिल्या सहा ते बारा महिन्यांत होतो आणि औषध चालू असेपर्यंत बराचसा टिकतो. वाईट कोलेस्टेरॉल उतरतं आणि वर्षानुवर्षं उतरलेलं राहतं. उत्साहाचा मोठा भागही पहिल्या वर्षातच मिळतो. दुसऱ्या वर्षी आणखी भरारी येईल अशी आशा धरू नये. आलंय ते टिकतंय का, तेवढंच बघायचं.

हाडांचं गणित उलटं चालतं. एक वर्षाने डेक्सा केला तर घनता थोडी कमी निघाली. मी घाबरले, यजमान म्हणाले, "एवढे पैसे घालून हाडं झिजवतेस?" डॉक्टरांनी समजावलं ते पटलं: घर दुरुस्त करताना आधी जुना गिलावा खरवडतात, नवा नंतर चढतो. हॉर्मोन हाड मोडणाऱ्या आणि बांधणाऱ्या दोन्ही पेशींना कामाला लावतं, पण मोडणाऱ्या आधी पोचतात. वाढ दिसायला दीड-दोन वर्षं लागतात. तिसऱ्या वर्षीच्या स्कॅनमध्ये कण्याची घनता सुरुवातीपेक्षा वर होती. पुरुषांमध्ये ही वाढ बायकांपेक्षा जास्त दिसते. डेक्सा दोन-तीन वर्षांनी एकदा पुरे. दरवर्षी करून उगाच झोप उडवू नये.

हृदयाबद्दल लोक मोठमोठं बोलतात. पीयूषिका बंद पडलेल्यांमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू जास्त आहेत, हे स्वीडनच्या संशोधकांनी 1990 मध्ये मांडलं. ग्रोथ हॉर्मोनने कंबर आणि कोलेस्टेरॉल सुधारतं, हेही खरं. पण त्याने आयुष्य वाढतं असं चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचणीने सिद्ध केलेलं नाही. कोणी तसं ठासून सांगितलं तर मी विषय बदलते.

गोळी बदलली आणि बांगड्या अडकल्या

बायकांनी हा भाग दोनदा वाचावा.

पाळीच्या हॉर्मोनची जागा भरायला मी इस्ट्रोजेनची गोळी घेत होते. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे आयजीएफ-1 बनणं दाबते. म्हणून गोळी घेणाऱ्या बाईला ग्रोथ हॉर्मोन जास्त लागतं. माझा डोस हळूहळू 0.6 मिलिग्रॅमवर गेला होता. सातव्या वर्षी स्त्रीरोगतज्ज्ञांनी, माझ्या भल्यासाठीच, गोळी बंद करून त्वचेवर लावायचं जेल दिलं. जेल यकृताला वळसा घालून रक्तात जातं. दोन महिन्यांत बांगड्या अडकल्या, बोटं बधिर, आणि आयजीएफ-1 रेंजच्या बाहेर. ऑर्थोपेडिककडे जाऊन मनगटाचा पट्टा आणला. कोणालाच दोन्ही गोष्टींचा संबंध लागला नाही, मलाही नाही. वही उघडली तेव्हा तारखा शेजारीशेजारी दिसल्या. डोस आधी 0.4, मग 0.3 वर आला आणि पट्टा कपाटात गेला.

म्हणजे इस्ट्रोजेनची गोळी किंवा गर्भनिरोधक गोळी सुरू, बंद किंवा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी आयजीएफ-1. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं आपणच सांगायची. आणि गरोदर राहिलं तर हे औषध थांबवतात.

कॅन्सरची भीती

"वाढीचं औषध, मग गाठही वाढणार," असं आत्या म्हणाली होती. प्रश्न रास्त आहे. सक्रिय कॅन्सर असेल तर हे इंजेक्शन देतच नाहीत. बाकीच्यांसाठी, किम्स नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत हे औषध घेणाऱ्या 15 हजारांहून अधिक प्रौढांवर लक्ष ठेवलं गेलं. सरासरी पाचेक वर्षांत नव्या कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त निघालं नाही. पीयूषिकेची गाठ काढलेल्यांमध्येही ती परत येण्याचं प्रमाण या औषधाने वाढल्याचं निरीक्षणांत दिसलेलं नाही. तरी उरलेल्या गाठीवर एमआरआयची नजर ठेवायची, आणि वयाप्रमाणे ज्या तपासण्या सगळ्यांनी करायच्या त्या आपणही करायच्या.

आत्याचा दुसरा प्रश्न होता, "ते मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात ना?" काढत असत. 1985 पर्यंत. त्यातून काही जणांना मेंदूचा प्राणघातक क्रॉयट्झफेल्ट-याकोब आजार झाला, तेव्हा ते बंद पडलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवलेलं हॉर्मोन अमेरिकेत बाजारात आलं. आजचं औषध तसंच बनवलेलं असतं.

जिमवाल्यांना एक वाक्य: ज्यांची ग्रंथी चांगली आहे, त्यांच्यासाठी यातलं काहीही लिहिलेलं नाही.

फ्रिज, उन्हाळा, प्रवास

2 ते 8 अंश. फ्रिजच्या दारात नाही, दार सारखं उघडतं. मागच्या भिंतीला चिकटूनही नाही, तिथे गोठतं आणि गोठलेलं औषध फेकायचं. म्हणून मधली फळी, म्हणून स्टीलचा डबा, नाहीतर मुलं कुपी हातात घेऊन बघतात. दवा बाजारातून घरी आणताना मे महिन्यात थर्मास न्या. दुकानदार बर्फाची पिशवी देतो, पण औषध आणि बर्फ यांच्यामध्ये रुमाल ठेवा. वीज जाऊन तास-दोन तास झाले तर फ्रिज उघडू नका, एवढंच.

अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाताना मी रुंद तोंडाचा थर्मास, आत गार पाण्याची पिशवी आणि त्यावर टॉवेलात गुंडाळलेलं पेन असं नेते. लग्नाच्या दोन दिवसांसाठी मात्र औषध नेतच नाही. दोन सुया चुकल्याने काही होत नाही. परत आल्यावर दुप्पट घ्यायची नाही.

थांबायचं कधी

नऊ महिने ते वर्षभर योग्य डोस, आयजीएफ-1 जागेवर, आणि तरी कंबर तीच, गुण तेच, थकवा तोच, तर डॉक्टरांशी बंद करण्याबद्दल उघड बोला. यात हार नाही. हे औषध स्टेरॉइडसारखं जीव धरून ठेवणारं नाही, आणि ज्याला त्याचा उपयोग नाही त्याने दर महिन्याला दवा बाजारची पायरी का चढावी?

पाचव्या वर्षी पैशांची ओढाताण होती म्हणून डॉक्टरांना विचारून मी सहा महिने थांबवलं होतं. पहिला महिना काहीच जाणवलं नाही, वाटलं, उगाच घेत होते. चौथ्या महिन्यात कंबर पाच सेंटिमीटरने वाढली, प्रश्नावली 8 वरून 14 वर गेली, आणि गणपतीत आरतीला उभी न राहता मी खुर्ची मागितली. पुन्हा सुरू करताना जुन्या डोसवर उडी न मारता 0.2 पासून चढले.

डोस स्थिरावला की दर सहा महिन्यांनी आयजीएफ-1, वर्षातून एकदा साखर, कोलेस्टेरॉल, फ्री टी-4. माझ्या वहीच्या मागच्या पानावर एक चिठ्ठी डकवली आहे, तिचीच प्रत पर्समध्ये: आजाराचं नाव, स्टेरॉइडचा रोजचा डोस, "बेशुद्ध असल्यास हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम लगेच द्यावे", मग थायरॉइड, आणि सगळ्यांत शेवटच्या ओळीत ग्रोथ हॉर्मोन. एक प्रत हिंदीत, कारण ॲम्ब्युलन्सवाला बहुतेक हिंदीच वाचणार.